उत्तराची जोडी

१

स्तोइलकाकांच्या हातचं काम सोफियाजवळच्या पेर्निक शहरात कुणीही लांबून ओळखावं. त्यांच्या तारा कधी लोंबत नसत. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला माणूस. मेण लावलेल्या दोऱ्यानं तारांचे जुडगे असे बांधायचे की शाळेत निघालेल्या मुलीची वेणी वाटावी. प्रत्येक तारेला एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर पेन्सिलीनं दोनच शब्द, कुठून आणि कुठे. शाई ओल धरते, पेन्सिल धरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

रलित्सा त्यांच्याकडे कामाला लागून तीन महिने झाले होते. कॉलेजात नेटवर्कच्या विषयात ती वर्गात पहिली आली होती, पण काकांनी बांधलेला एक जुडगा बघितला आणि आपल्याला काहीच येत नाही हे तिला त्या दिवशी कळलं. शिवाय ती भित्री. मागून कुणी हाक मारली तरी उडायची.

"टोस्टरनं पाव वर टाकला तरी तुझं काळीज खाली पडतं," काका म्हणायचे. "पण हात थरथरत नाही, म्हणून ठेवलंय तुला."

ऑक्टोबरात काकांची कंबर धरली आणि डोंगरातल्या व्रब्या गावचं काम तिच्या एकटीच्या गळ्यात पडलं. काम साधं होतं. राइनामावशी म्हणून एक बाई होत्या, शहात्तर वर्षांच्या. सगळं आयुष्य त्यांनी डोंगरातल्या गावांमधून म्हाताऱ्या बायकांची गाणी टेपवर घेत घालवलं. टेपा ठेवल्या होत्या पेर्निकच्या वाचनगृहाच्या तळघरात. एका वर्षी तिथं पाणी शिरलं आणि टेपांना बुरशी लागली. पण त्याआधीच मावशींनी एकेक टेप स्वतः बसून संगणकावर उतरवली होती. तीन हजार चारशे सहा गाणी, दोन जुन्या डिस्कवर. आणि आता त्यातली एक डिस्क टकटक करायला लागली होती.

म्हणून गाणी साठवायचे दोन नवे डबे. प्रत्येक डब्यात दोन डिस्क, म्हणजे एक बसली तरी दुसरी उभी. एक डबा मावशींच्या घरी व्रब्याला, दुसरा पेर्निकच्या वाचनगृहात, मावशींच्या तिथल्या कार्यालयाच्या खोलीत. मध्ये इंटरनेटवरून दोघांचाच असा खासगी रस्ता. घरी बसून कार्यालयातलं ऐकता यावं आणि कार्यालयात बसून घरचं. दररोज दुपारी एकला दोन्ही डबे आपापली यादी एकमेकांना वाचून दाखवणार आणि एकात जे बदललं असेल ते दुसऱ्यात उतरणार.

"एकलाच का?" रलित्सानं विचारलं होतं.

"कारण मावशी एकला जेवतात आणि तेव्हा काही ऐकत नाहीत," काका म्हणाले. "माणसाचं जेवण धरून यंत्राची वेळ लावायची. तुमच्या कॉलेजात हे शिकवत नसतील."

त्यांनी तिला लोखंडी अँगल कापून केलेली एक फळी दिली, भिंतीला ठोकायला. कंबर धरलेली असताना, आडवं पडून कापलेली, पण कोपऱ्याला बोट लावलं तरी कुठं खरखर नव्हती.

व्रब्याला जायला काकांच्या जुन्या गाडीनं दीड तास लागला. वाटेतल्या प्रत्येक अंगणात मिरच्या भाजायला घेतल्या होत्या. मावशी राहत होत्या गावच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर. गावात मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली होती, तेव्हा गावानं ती त्यांना राहायला दिली. इंटरनेटची तार मात्र खालच्या वर्गातच येत होती, म्हणून डबाही तिथंच बसणार होता. वर्गात बाकं तशीच होती. फळ्यासमोरच्या दोन बाकांवर, समोरासमोर, लोकरीच्या विणलेल्या उशा होत्या. प्रत्येक बाकावर दोन.

"पेर्निककर दिसतेस," मावशी तिच्या हातातल्या फळीकडे बघून म्हणाल्या. "लोखंडाचा अँगल घेतल्याशिवाय तुमच्यातलं कुणी पाहुणं जात नाही वाटतं."

रलित्सा हसली; पेर्निककरांच्या लोखंडावरचा हा विनोद ती लहानपणापासून ऐकत आली होती. भिंतीला फळी ठोकली, डबा ठेवला, तारा बांधल्या. काकांसारख्या नाही, पण बऱ्या. तार चिकटवायला ती वळली आणि मागं जाग्या झालेल्या डब्यानं एकदम शीळ घातली.

"कोण आहे?" ती ओरडलीच.

दारात उभ्या मावशी खो खो हसल्या. "तुझाच डबा आहे गं बाई!"

जुन्या डिस्कवरची गाणी नव्या डब्यात उतरायला साडेतीन तास लागले. टकटक करणारी डिस्क शेवटपर्यंत टिकली. मावशी तोवर शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, एखाद्या आजारी माणसाजवळ बसावं तशा.

"बाकी काही गेलं तरी मी रडेन आणि जेवायला बसेन," त्या म्हणाल्या. "दोनशे सतरा नंबरचं जाऊ देऊ नकोस."

"काय आहे त्यात?"

मावशींनी ते लावलं. चार मिनिटं अकरा सेकंद.

रलित्साला गाण्यातलं फार कळत नव्हतं. पण त्या आवाजानं तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. दोन बायका गात होत्या. एकीचा आवाज जमिनीलगत सपाट, हलत नव्हता. दुसरीचा त्याच्यावर घासत जायचा, चाकू दगडावर घासावा तसा, आणि ओळीच्या शेवटी एकदम उंच उडी मारून तुटायचा. ही वरची बाई म्हणजे ग्युर्गाआजी, मावशी म्हणाल्या. पंचावन्न वर्षांपूर्वी, याच वर्गात. ओळीनंतर ओळ आणि दोन ओळींच्या मध्ये दर वेळी मोकळी जागा. मग एका ओळीनंतर काहीच नाही. नुसती खोली.

"संपलं?"

"नाही संपलं. अर्धंच आहे," मावशी म्हणाल्या. "त्या थंडीत आजी गेली. पुढचं कुणी गायलंच नाही."

"आणि हे दुसरीकडं कुठंच नाही?"

मावशींनी मान सावकाश डावी-उजवीकडे हलवली. तिकडं होकाराची मान अशीच हलते. हो. कुठंच नाही.

२

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, रलित्सानं वाचनगृहातला डबा बसवला. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीखाली ट्रॉलीबसचा थांबा. काही घाबरण्यासारखं नव्हतं. एकला दोन्ही डब्यांनी पहिल्यांदा एकमेकांना हाक मारली आणि व्रब्याची गाणी दीड तासाचा डोंगर उतरून तिच्या डोळ्यांसमोर यादीत उमटायला लागली. तिला उगाच अभिमान वाटला.

बुधवारी ती ठसे तपासायला बसली. प्रत्येक फाईलमधून एक लांबलचक आकडा निघतो, अंगठ्याच्या ठशासारखा. दोन्ही डब्यांतला ठसा एकच आला तर प्रत तंतोतंत. ही तपासणी झाल्यावर काका एका कागदावर सही करत. त्यांची सही म्हणजे पेर्निकमध्ये पक्की पावती. या वेळी पहिल्यांदाच त्यांनी तिला सांगितलं होतं, सही तू करायचीस.

तीन हजार चारशे पाच ठसे जुळले.

दोनशे सतरा जुळला नाही. वाचनगृहात चार मिनिटं अकरा सेकंद. व्रब्याला चार मिनिटं तेवीस.

तिनं फोन केला. "मावशी, तुम्ही दोनशे सतराला काही केलंत का?"

"मी कालपासून मिरच्या सोलतेय. हात नुसते लाल झालेत. यंत्राला लावले असते तर यंत्र जळलं असतं."

एकला डब्यांनी आपसात मिटवून टाकलं. घरची लांब फाईल वाचनगृहात उतरली आणि दोन्हीकडं चार तेवीस झालं. गुरुवारी सकाळी घरी चार पस्तीस होतं.

बारा सेकंद. गाण्यातली एक ओळ किती लांब आहे, हे तिनं घड्याळ लावून मोजलं, तीही बाराच सेकंद निघाली, आणि मग मोजलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

३

"जुना प्रोग्रॅम असेल," काका पलंगावरून म्हणाले. "फाईल उघडली की शेपटीला कोरी जागा जोडणारे असतात असले. कंबरेवर गरम विटा ठेवून पडलोय मी, मला भुतं सांगू नकोस."

"मी भूत म्हटलंच नाही, काका."

"आवाजात होतं तुझ्या."

काकांचं बरोबरच असणार. उघडलेली फाईल, चुकलेलं घड्याळ, बिघडलेली नोंद. तिनं कागदावर पाच कारणं लिहिली आणि एकेक खोडत गेली. फाईल कुणी उघडल्याची नोंद नव्हती. घड्याळं दोन्ही बरोबर होती. पाचही कारणं खोडून झाल्यावर ती कागदाकडं बघत बसली. मग कानांवर हेडफोन चढवून तिनं गाणं चार अकरापासून पुढं लावलं.

कोरी जागा कोरी नव्हती. टेपची ती जुनी सरसर चार अकराला थांबत होती आणि तिथून पुढं खोली स्वच्छ ऐकू येत होती, आजच्या यंत्रात ऐकू यावी तशी. बाक करकरलं. कुणीतरी बसतं तेव्हा लाकूड करतं तसं. मग एकदम शीळ.

"कोण आहे?" तिचाच आवाज. सोमवारचा, घाबरलेला, पातळ.

आणि मावशींचं दारातलं हसणं यायच्या आधी, त्याहून कितीतरी जवळ, कुणीतरी नाकातून हसलं.

रलित्सानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खाली ट्रॉलीबस थांबली आणि माणसं उतरली. ती उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडं नीट बघत राहिली. डब्याला माइक नसतो. ही गोष्ट तिला ठाऊक होती. तरी तिनं डब्याचं पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. नसतोच.

४

तिनं काकांना हेडफोनबद्दल काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, आता काय करू?

"दोघांना वेगळं कर," काका म्हणाले. "मधला रस्ता एक दिवस बंद ठेव. ज्या डब्यात वाढ होईल तो बिघडलेला. एवढं सोपं आहे."

हे तिला पटलं. खरं तर ते इतकं सरळ होतं की तिला रडू यायचं बाकी राहिलं. गुरुवारी एक वाजायच्या आधीच तिनं रस्ता बंद केला. आता डबे एकमेकांना काही सांगू शकत नव्हते. ती मात्र तिच्या लॅपटॉपवरून दोघांकडंही वेगवेगळी जाऊ शकत होती.

शुक्रवारी सकाळी तिनं पाहिलं. दोन्ही वाढले होते. दोन्हीकडं सहा मिनिटं दोन सेकंद. ठसे मात्र वेगळे.

वाचनगृहाच्या खोलीत तिनं खिडकी उघडली, बाहेरचे आवाज आत यावेत म्हणून. मग घरची फाईल लावली. चार पस्तीसनंतर ग्युर्गाआजी गात होती. टेपमधली नाही. टेपच्या सरसरीशिवायची, खोलीत बसलेली. तिच्या शेजारी तो सपाट आवाज. एक ओळ. मग बारा सेकंद काही नाही. मग पुढची ओळ. पुन्हा बारा सेकंद काही नाही. कुणीतरी समोर बसलंय आणि आपण त्याची वाट बघतोय, अशी ती शांतता होती.

ती वाचनगृहाची फाईल लावायला गेली आणि घाईत पहिली बंद करायची राहिली.

दोन्ही चार पस्तीसपासून एकदम वाजायला लागल्या.

घरच्या डब्यात ओळ संपली, तुटली, आणि तिथंच, श्वासाइतकीही फट न ठेवता, वाचनगृहाच्या डब्यातून एका बाईनं ती तोंडातून उचलून घेतली. तीच ओळ, तीच चाल. डोंगराच्या एका अंगाला कुणी हाक मारावी आणि दुसऱ्या अंगानं ती झेलावी, तशी. मग पुन्हा घर, पुन्हा वाचनगृह. रलित्सा खुर्चीत बसल्या बसल्या पुढं झुकली होती. घाबरायला हवं हे तिला कळत होतं. पण हे ऐकताना जे वाटत होतं त्याला भीती म्हणता येईना. काकांचा पहिला जुडगा बघताना वाटलं होतं तेच ते. कुणी इतकं नीट काम करू शकतं?

एवढंच खटकत होतं. उत्तर देणाऱ्या बाईच्या खालचा आवाज नव्हता. ती एकटीच गात होती आणि तिच्या ओळी एका बाजूला कलंडत होत्या, जोडीतला एक पाय मोडलेल्या शिडीसारख्या.

सहा दोनला दोन्ही थांबल्या. आणि तेव्हा तिला आठवलं की मंगळवारी तिनं स्वतःच्या हातानं डब्यांच्या सेटिंगमध्ये एक खूण केली होती. दोन्हीकडच्या प्रती वेगळ्या निघाल्या तर घरची ठेवावी. वाचनगृहातली पुसावी. सगळे असंच करतात. मधला रस्ता चालू झाला की एकच्या ठोक्याला उत्तर पुसलं जाणार होतं. खूण उलटी केली तर ग्युर्गाआजी जाणार. दोन्ही वेगवेगळ्या नावांनी ठेवता येतील, हेही तिनं करून पाहिलं. जी फाईल दुसऱ्या नावानं उतरली ती चार मिनिटं अकरा सेकंदांची निघाली. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा चार अकरा.

तिनं लॅपटॉप मिटला आणि गाडीची किल्ली घेतली.

५

मावशींनी स्वयंपाकघरात, पाव आणि पांढरं चीज पुढ्यात असताना, दोन्ही एकदम ऐकलं. अर्ध्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली. शेवटपर्यंत त्यांचा चेहरा हलला नाही.

"पेना आहे ती," त्या म्हणाल्या. "उत्तर देणारी. पुढं पेर्निकला मुलाकडं राहायला गेली. तुमच्या वाचनगृहाच्या मागच्याच गल्लीत. तिथंच वारली."

"मावशी, ती एकटी का गातेय?"

मावशींनी बराच वेळ चिजाचे छोटे छोटे तुकडे केले.

"आमच्यात हे गाणं चौघी गातात. दोघी म्हणतात, दोघी उत्तर देतात. उत्तर मिळाल्याशिवाय पुढची ओळ नाही. वर आजी, तिच्याखाली स्तामेना. समोर पेना, आणि तिच्याखाली..." त्यांनी सुरीचं टोक स्वतःच्या छातीवर टेकवलं. "आजीनंच शिकवलं होतं मला. तीन हिवाळे. आणि मग सोफियाहून मला ते टेपचं यंत्र मिळालं. एकवीस वर्षांची होते. मी म्हटलं, स्वच्छ आवाज पाहिजे. आधी आजी आणि स्तामेना एकट्या घेऊ, उत्तरं नंतर जोडू. पेनानं तोंड उघडलं की मी असं करायची."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आजी दर ओळीनंतर थांबायची. माझ्याकडं बघायची. मी बोट काढलं नाही. मग एका ओळीनंतर ती पुढं गायलीच नाही. म्हणाली, मुली, तू मला भिंतीसमोर बसवलंस. पुन्हा कधी गायली नाही. ते वाक्य मी टेपवरून कापून टाकलं."

खिडकीतून मिरच्यांचा वास येत होता. घड्याळात पाऊण वाजला होता.

"मी काय करू?" रलित्सा म्हणाली. "एक ठेवली की दुसरी जाते. आणि सही मला करायचीय."

"तू तुझा रस्ता जोड. बरोबर एकला." मावशी उठल्या आणि त्यांनी पदर नीट करावा तसा डोक्याचा रुमाल नीट केला. "मी खाली जाते."

"मीही येते."

"तू आत यायचं नाहीस. बसायला जागा मोजकीच आहे."

६

रलित्सा खालच्या बोळात, वर्गाच्या बंद दाराबाहेर, जमिनीवर बसली. मांडीवर लॅपटॉप. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात खडबडीत काच, त्यातून आकार दिसावेत, चेहरे नाहीत. कुलपाच्या वर मात्र काचेचा एक टवका उडाला होता, बोटाएवढा. त्यातून बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

बारा अठ्ठावन्न. आत मावशींची पावलं, बाकाची करकर. तिनं स्वतःला सांगितलं, आत एक म्हातारी बाई आहे, एक डबा आहे आणि चार उशा आहेत. एकोणसाठ. तिनं रस्ता चालू केला.

एकला डब्यानं शीळ घातली. या वेळी ती दचकली नाही, कारण ती आधीच श्वास रोखून होती.

मग ग्युर्गाआजी गायली. लॅपटॉपमधून नाही, दारापलीकडून. ओळ वर चढली, तुटली, आणि उत्तर आलं. या वेळी उत्तराला पाय होते. पेनाच्या खाली एक जाड, म्हातारा, थोडा फाटलेला आवाज धरून उभा होता, जमिनीत पुरलेल्या खांबासारखा, आणि त्याच्यावर पेना सरळ झाली. दाराची काच थरथरत होती. रलित्साच्या पाठीमागची भिंतही. पुन्हा ओळ, पुन्हा उत्तर. मावशींचा आवाज शहात्तर वर्षांचा राहिला नव्हता, आणि तरुणही झाला नव्हता. तो फक्त जागेवर बसला होता. पंचावन्न वर्षं रिकाम्या ठेवलेल्या खाचेत लाकूड टपकन बसावं तसा.

किती ओळी झाल्या ते तिनं मोजलं नाही. शेवटची ओळ चौघींनी मिळून म्हटली आणि चौघींची उडी एकाच जागी तुटली.

तेव्हा ती उठली. बघायचं नव्हतं, पण उठली. टवक्याला डोळा लावला.

मावशी तिच्याकडं पाठ करून बसल्या होत्या. समोरच्या बाकावर कुणी नव्हतं. मावशी त्या कुणी नसलेल्या बाकाकडं बघून मान सावकाश डावी-उजवीकडे हलवत होत्या. हो, हो. आणि त्या बाकावरच्या दोन्ही उशा खोल दबलेल्या होत्या. रलित्सा बघत असतानाच त्यातली एक हळूहळू फुगून वर आली.

तिनं डोळा बाजूला घेतला.

जरा वेळानं मावशी बाहेर आल्या. घसा बसला होता, गाल लाल होते. "आलं का?" त्यांनी विचारलं.

तिनं लॅपटॉपकडं पाहिलं. तिनं काहीच दाबलं नव्हतं. घर, नऊ मिनिटं चाळीस सेकंद. वाचनगृह, नऊ मिनिटं चाळीस सेकंद. ठसा एकच.

"आलं, मावशी."

"मग चल वर. भूक लागलीय मला. भाजलेल्या मिरच्या, लसूण, आणि त्या पावाचा अर्धा तरी तू खाल्ला पाहिजेस. नुसती काडी आहेस."

७

सोमवारी काका काठी टेकत वाचनगृहाचा जिना चढले. त्यांनी तिनं बांधलेल्या तारा पाहिल्या, एक चिठ्ठी वाचली, एक गाठ बोटानं ओढून पाहिली. काही बोलले नाहीत. काका काही बोलले नाहीत म्हणजे काय, ते पेर्निकमधल्या त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. रलित्साचे कान तापले.

"कोणता डबा बिघडला होता?" त्यांनी विचारलं.

"कुठलाच नाही."

"मग?"

"मधला रस्ताच नव्हता, काका. आता आहे."

काकांनी काठी उचलली. "पेन्सिलीनं सही कर," म्हणाले, आणि खाली कॉफी प्यायला गेले.

सही करण्याआधीचं एक काम उरलं होतं, काकांनीच लावलेली सवय. जी फाईल अडली होती ती शेवटपर्यंत एकदा ऐकायची. बाहेर लख्ख दुपार होती, थांब्यावर दोन बायका भांडत होत्या. तिनं दोनशे सतरा लावलं.

नऊ मिनिटं चाळीस सेकंद. पहिल्या ओळीपासूनच आता सगळी उत्तरं जागच्या जागी होती. तिला पुन्हा तेच झालं, पुन्हा ती पुढं झुकली. शेवटची उडी तुटली. बाक करकरलं. कुणीतरी समाधानानं उसासा टाकला. मग एक म्हातारा आवाज, गाता नाही, बोलता.

"दाराशी उभी आहे ती कुणाची गं?"

"पेर्निकची आहे," मावशींचा बसलेला आवाज. "डबे बसवते."

"गाते का?"

"भित्री आहे, आजी. शीळ वाजली तरी उडते."

नाकातून हसणं. ते तिला ओळखीचं होतं.

"असू दे. दचकणाऱ्याचा आवाज वर लवकर चढतो. मी थकले आता. पुढच्या वेळी माझ्या जागी तिला बसव."

इथं फाईल संपायला हवी होती. रलित्सानं आकड्याकडं पाहिलं. नऊ एक्केचाळीस. नऊ बेचाळीस. हेडफोनमध्ये आता खोली होती. व्रब्याची नव्हे. खिडकी, ट्रॉलीबस, थांब्यावर भांडणाऱ्या दोन बायका. आणि त्या सगळ्याच्या अलीकडे, अगदी जवळ, कुणाचा तरी भरभर चाललेला श्वास. तिचाच.

नऊ पंचेचाळीस. डोंगरापलीकडून, जमिनीलगत, एक सपाट आवाज सुरू झाला. खालचा. स्तामेनाचा. तो एकटाच थांबून राहिला, हलला नाही, वर कुणीतरी येईल म्हणून जागा धरून.

दाराला, खिडकीला, टोस्टरला दचकणारी रलित्सा खुर्चीत स्थिर बसली होती. पळावं असं तिच्या मनात आलंच नाही. मनात आलं ते एवढंच, की आपल्याला शब्द तरी नीट येतात का. तिनं पेन्सिल खाली ठेवली, खोल श्वास घेतला आणि तोंड उघडलं.